दुखरी दाढ हा ‘स्वभाव’ नव्हे : ऑटिझम असलेली आपली लेकरं आणि दवाखान्याचा हक्क

चळवळीच्या बैठकीत दातांचा विषय काढला की आधी हशा होतो. शिष्यवृत्त्या अडकल्यात, ॲट्रॉसिटीचे गुन्हे नोंदवून घ्यायला पोलीस टाळाटाळ करतात, सरकारी शाळा बंद करायचा घाट घातला जातोय, आणि तुम्ही दात काय काढता, असा विनोद कुणीतरी करतोच. विनोद चांगला आहे. पण ज्या घरात आठ वर्षांचं, बोलता न येणारं पोर रात्रभर भिंतीवर डोकं आपटतं आणि ते दाढेच्या कळेनं आपटतंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही, त्या घरात बसून तो करून दाखवावा.

आम्ही हा विषय मुद्दाम काढतो आहोत. ऑटिझम असलेली मुलं आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. ती दिसत नाहीत, कारण बऱ्याच वेळा ती शाळेत जात नाहीत, जयंतीच्या मिरवणुकीत येत नाहीत. आजीजवळ घरात असतात, कधी दाराला बाहेरून कडी लावून. शेजारी त्यांना ‘येडं’ म्हणतात, शिकलेली माणसं ‘स्वमग्न’ म्हणतात. दुसरा शब्द ऐकायला सभ्य आहे, पण त्यातून पोर आपल्यातच मग्न, म्हणजे एक प्रकारे सुखातच आहे, असा भास होतो. प्रत्यक्षात यातल्या अनेक मुलांना मिक्सरचा आवाज, ट्यूबलाइटची फडफड, शर्टाच्या कॉलरची शिवणसुद्धा सहन होत नाही. जगाचा आवाज त्यांच्यापर्यंत आपल्यापेक्षा जास्त पोचतो. त्यावर त्यांना काय म्हणायचं आहे, ते मात्र आपल्यापर्यंत पोचत नाही.

एक गैरसमज आधी काढून टाकू. ऑटिझममुळे दात किडत नाहीत. कीड सगळ्यांना लागते तशीच लागते: तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दातावरचं कवच विरघळवतं. या मुलांच्या बाबतीत फरक पडतो तो साखर दातावर किती वेळ राहते आणि ब्रश तिथवर पोचतो का, यात. यातली बरीच मुलं मोजून तीन-चार पदार्थच खातात. आपल्याकडे ते चहात बुडवलेलं बिस्कीट, पांढरा भात, वेफर्स असे असतात. काही जण घास गिळत नाहीत, गालात धरून ठेवतात. काहींना फिट्स येतात, त्यांना रात्री झोपताना गोड सिरप दिलं जातं आणि त्यानंतर चूळ भरायचं राहून जातं. फेनिटॉइनसारख्या फिट्सच्या औषधानं हिरड्या सुजून वाढतात, तेही कुणी आईला सांगत नाही. थेरपीच्या ठिकाणी सांगितलेलं केलं की बक्षीस म्हणून चॉकलेट. काही मुलं दात इतके करकर खातात की दाढा झिजून सपाट होतात. आणि ब्रश? ज्या पोराला केसांत कंगवा घातलेला चालत नाही, त्याच्या तोंडात प्लॅस्टिकचे काटे आणि पुदिन्याची झोंबणारी पेस्ट घालायची. ते ओरडतं, चावतं. आई दोन दिवस प्रयत्न करते, तिसऱ्या दिवशी सोडून देते. पहाटे पाचला उठून चार घरची धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईनं या झटापटीसाठी अर्धा तास कुठून काढायचा, हा प्रश्न विचारल्याशिवाय तिला ‘निष्काळजी’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

त्यात भर ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ या समजुतीची. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे पाचव्या वर्षी किडलेली दाढ पोरानं आणखी पाच-सात वर्षं ठणकत वागवायची. आणि दुखणाऱ्या हिरडीवर मिश्री लावायची पद्धत अजूनही आपल्याकडे आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं काही वेळ बधिर वाटत असेल, पण लेकराच्या तोंडात तंबाखू घालणं हा उपचार नाही, हे आपल्या आज्यांना प्रेमानं आणि ठामपणे सांगायला हवं.

दुखणं सांगता येत नाही तेव्हा अंग सांगतं. कालपर्यंत नीट जेवणारं पोर आज ताट भिरकावतं, गालावर बुक्क्या मारून घेतं, मनगट चावतं, लाळ गाळतं, रात्री दोनला उठून रडतं. घरचे म्हणतात, आजार वाढला. शेजारी म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे, भगताकडे न्या. दवाखान्यातही बऱ्याचदा ‘अशा मुलांचं असंच असतं’ म्हणून शांत करणाऱ्या गोळीचा डोस वाढवला जातो. सगळं ऑटिझमच्या खात्यावर मांडलं जातं आणि तोंडात बॅटरी मारून बघायचं राहून जातं. म्हणून आमचं साधं सांगणं आहे: वागण्यात अचानक फरक पडला, तर आधी तोंड बघा. मग कान, मग पोट. भगत कुठेच नाही.

आता हा प्रश्न चळवळीचा कसा, ते बोलू. दातांचा डॉक्टर लाळेत हात घालून काम करतो. आणि आपल्या इतिहासात आपली लाळ हीच सगळ्यात मोठी घाण ठरवली गेली होती. पेशवाईत पुण्यात आपल्या पूर्वजांना गळ्यात मडकं बांधावं लागे, थुंकी जमिनीवर पडून सवर्णांना विटाळ होऊ नये म्हणून. ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये बाबासाहेबांनी ही गोष्ट नोंदवली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं १९२९ साली छापून आलेलं पत्र दिलं आहे. बाळंतपणानंतर त्याची बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नव्हता. तिला वस्तीबाहेर आणावं लागलं, आणि थर्मामीटर डॉक्टरच्या हातून एका मुसलमान माणसाच्या हातात, त्याच्याकडून नवऱ्याच्या हातात, मग तिच्या तोंडात असा गेला आणि त्याच वाटेनं परत आला. न शिवता निदान झालं. बाई मेली.

आज दवाखान्यात कुणी ‘तुला शिवणार नाही’ म्हणत नाही. हातमोजे आहेत, कायदा आहे, आणि आपली मुलं-मुलीही डॉक्टर झाली आहेत. आज ऐकू येतं ते वाक्य वेगळं आहे: ‘वेळ नाही.’ आमच्या मते ऑटिझम असलेल्या मुलाच्या दातांचा सगळा प्रश्न या दोन शब्दांत आहे.

गेल्या वर्षी आम्ही सात वर्षांच्या एका पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो होतो. दवाखान्याचं नाव देत नाही, कारण प्रश्न त्या एका दवाखान्याचा नाही. बाप सफाईच्या कंत्राटी कामावर, आई घरकाम करणारी. दोघांचाही त्या दिवसाचा खाडा. केसपेपरची रांग, मग दातांच्या ओपीडीबाहेर दोन तास. तोवर पोराचं सगळं बळ गर्दीला तोंड देण्यातच संपलं होतं. आत गेल्यावर डोळ्यांवर दिवा, शेजारच्या खुर्चीवर ड्रिलचा आवाज, लवंगेच्या तेलाचा वास, आणि खुर्ची एकदम मागे झुकली. ते किंचाळलं. डॉक्टर म्हणाले, “बाई, धरा त्याला नीट.” आईनं हात धरले, आम्ही पाय धरले. मग, “असं नाही होणार, भूल द्यावी लागेल, तारीख घ्या.” तारीख तीन महिन्यांनंतरची. बाहेर अजून चाळीस माणसं बसली होती, डॉक्टरही सकाळपासून उभेच होते. त्यांच्यावर राग काढून आम्हाला काही साधायचं नाही. पण त्या पोराला दवाखाना म्हणजे काय, हे त्या चार मिनिटांत कायमचं कळलं.

त्याच ठिकाणची एक इंटर्न मुलगी आमच्या मागून बाहेर आली. म्हणाली, “ताई, याला गुरुवारी सकाळी नऊच्या आधी आणाल का? तेव्हा कुणी नसतं.” पहिल्या गुरुवारी तिनं त्याला फक्त खुर्चीला हात लावू दिला. दुसऱ्या वेळी तो बसला, दिवा लावला नाही. खुर्ची, आरसा, ब्रश, घर अशी चार चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवून तिनं आईला दिली होती. आई रोज रात्री ती त्याला क्रमानं दाखवायची. तिसऱ्या खेपेला आरसा तोंडात गेला, दहापर्यंत आकडे मोजून बाहेर आला. चौथ्या खेपेला दोन दाढांवर औषध लावून झालं. भूल नाही, धरपकड नाही.

या मुलीनं काही चमत्कार केला नाही. आधी सांगा, मग दाखवा, मग करा ही पद्धत बालदंतवैद्यकात गेल्या शतकापासून शिकवली जाते. चित्रांचे कार्ड, दर वेळी तोच डॉक्टर आणि तीच खुर्ची, दिवसातली पहिली वेळ, डोळ्यांवर काळा चष्मा, कानांवर हेडफोन, थोडक्यात संपणारी भेट: यातलं काहीच महागडं नाही. तिनं लावलं ते औषध सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ड्रिल न करता किडलेल्या भागावर थेंबभर लावलं की कीड पुढे सरकायची थांबू शकते. किडलेला भाग काळा पडतो, हे आधी सांगायला हवं. आणि कीड दाताच्या नसेपर्यंत गेली असेल, गळू झालं असेल तर त्याचा उपयोग नाही. पण वेळेवर लावलं तर भूल देऊन करायच्या मोठ्या उपचाराची गरज टळू शकते. फ्लोराइडचा लेप तर त्याहून सोपा, ब्रशनं लावायचा. भूल देऊन एकाच वेळी सगळे दात नीट करणं काही मुलांना खरोखर लागतं, आणि तेव्हा ते व्हायलाच हवं. मात्र ‘चार भेटी द्यायला वेळ नाही’ म्हणून भूल देणं हा वैद्यकीय निर्णय म्हणता येणार नाही, तो गर्दीचा निर्णय आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, ब्राह्मणाच्या पोरालाही ऑटिझम होतो, त्याच्या आईलाही हाच त्रास; यात जात कशाला आणता? त्रास तिलाही होतो, हे आम्ही मान्य करतो. आणि त्या पालकांच्या संघटनांनी या देशात ऑटिझमला कायद्यात जागा मिळवून देण्यासाठी केलेलं काम आपल्याही कामाचं आहे. पण पुण्या-मुंबईत पैसे मोजले की वेळ विकत मिळतो. खासगी बालदंततज्ज्ञ अर्धा तास देतो, खासगी रुग्णालयात भूलतज्ज्ञाची तारीख पुढच्या आठवड्याची मिळते. आपल्या आईला चार भेटी म्हणजे चार खाडे, चार वेळा रिक्षाभाडं, आणि कामावरून काढून टाकलं जायची भीती. शिवाय अपंगत्वाचं प्रमाणही सगळीकडे सारखं नाही. २०११ च्या जनगणनेत ते अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के होतं. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांमध्ये २.१८ टक्के. कुपोषण, अवघड बाळंतपणं, धोक्याची कामं यांचा हिशोब असा आकड्यात उतरतो. त्या जनगणनेत ऑटिझमचा वेगळा रकानाच नव्हता. आता जनगणनेत जात मोजायचं सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये कबूल केलं आहे, तर जात आणि अपंगत्वाचा प्रकार दोन्ही एकत्र मोजा, आणि आकडे तसेच एकत्र प्रसिद्ध करा, ही मागणी आपण आत्ताच लावून धरायला हवी. मोजलंच नाही तर निधी मागायचा कुणाच्या नावानं?

कायदा काय म्हणतो तेही पाठ असू द्या. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये त्याची नोंद झाली. या २०१६ च्या कायद्याचं कलम २५ सांगतं: उत्पन्नाच्या अटीला धरून जवळच्या ठिकाणी, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा, सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश, आणि तपासणी-उपचारात प्राधान्य. अडथळा म्हणजे फक्त पायऱ्या नव्हेत. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प लागतो, तसा ऑटिझम असलेल्या पोरासाठी शांत कोपरा आणि पहिला नंबर लागतो. वाजवी सोयसुविधा द्यायची जबाबदारी कायद्यानं सरकारवर टाकली आहे. कलम ४७ नुसार डॉक्टर आणि परिचारिकांच्या शिक्षणात अपंगत्वाचा विषय असायला हवा. म्हणजे त्या इंटर्न मुलीनं जे केलं ते तिच्या चांगुलपणावर सोडायचं काम नाही.

आणि हो, नावाबद्दल. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला आणि मग पाट्या बदलल्या. दिव्य अंग! आपल्याला ही युक्ती नवी नाही. आपल्यालाही एकदा ‘हरिजन’ म्हणून देवाची माणसं करून झालं होतं; बाबासाहेबांनी तो शब्द धुडकावला. देवाच्या माणसाला हक्क लागत नाहीत, दया पुरते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये वेगळा दिव्यांग कल्याण विभाग झाला, त्याचं स्वागतच आहे. पाटीवर काय लिहायचं ते लिहा. ओपीडीत पहिला नंबर द्या.

योजनांमधली एक मेख सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी. त्यातल्या आजारांच्या यादीत दातांची कीडही आहे आणि ऑटिझमही आहे. पण पथक येतं अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत. जे पोर या दोन्ही ठिकाणी नाही, ते पथकाला भेटणार कसं? म्हणून तुमच्या वस्तीत पथक यायच्या आधी आशाताईंबरोबर बसून घरी राहणाऱ्या मुलांची यादी करा आणि त्यांना त्या दिवशी अंगणवाडीत आणा, नाहीतर पथकाला घरी न्या. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना ऑटिझम असलेल्यांसाठी आहे, एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. ओपीडीच्या खर्चात दातांची प्रतिबंधक काळजीही धरलेली आहे. त्यातली दातांची रक्कम तुटपुंजी आहे, पण ती घेतल्याशिवाय वाढवून मागता येत नाही. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेनं स्वउत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. हा पैसा बहुतेक ठिकाणी वर्षाअखेरीस वस्तू वाटून संपवला जातो. त्यातून दवाखान्याच्या फेऱ्यांचं गाडीभाडं आणि आईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई का मागू नये?

मुख्य मागणी मात्र एकच ठेवा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, आणि जिथे दंतशल्यचिकित्सक आहे ते प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय: आठवड्यातून एक सकाळ या मुलांसाठी राखीव. एक खोली, कमी आवाज, वेळ ठरवून बोलावणं, तोच डॉक्टर. इमारत नको, यंत्र नको. फक्त वेळापत्रक बदला.

१४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरांबद्दलही बोलायला हवं. मांडव, गर्दी, स्पीकर, रांगेत दोन मिनिटं तोंड उघडून बघणं आणि फोटो: ऑटिझम असलेल्या मुलासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. त्याऐवजी महिन्यातून एक दुपार विहार या मुलांसाठी उघडं ठेवा, पंखा सोडून कसलाही आवाज नको. आई पोराच्या मागे बसते, त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवते आणि आरशात बघत ब्रश करते. समोरून अंगावर जाण्यापेक्षा हे त्याला सोपं जातं. सुरुवात ओल्या मऊ फडक्यानं हिरड्या पुसून करा, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. पुदिना झोंबत असेल तर बिनवासाची पेस्ट शोधा, पण फ्लोराइडची. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडमध्ये ज्या गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी डॉक्टरला विचारा. पहिल्या दिवशी दोनच दात झाले तरी चालतील. बक्षीस म्हणून चॉकलेट देऊ नका, फुगा द्या, पाण्याशी खेळू द्या, जे त्याला आवडतं ते.

अर्ज दवाखान्याच्या अधीक्षकांच्या नावे करा. त्यात कलम २५ चा उल्लेख, मुलाच्या यूडीआयडी कार्डाचा नंबर (कार्ड नसेल तर जिल्हा रुग्णालयात त्याचाही अर्ज त्याच दिवशी), आणि मागणी एका ओळीत: ‘ठरावीक वारी, ठरावीक वेळी, प्राधान्यानं.’ तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच अर्ज पुण्याच्या अपंग कल्याण आयुक्तांकडे, सोबत पहिल्या अर्जाची पोच जोडून. एकट्या आईला पाठवू नका, दोघे-तिघे बरोबर जा. आणि शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.

जय भीम.